उणे पाच अंश आणि एक कास्ट

हिंजवडीतल्या आमच्या कार्यालयात इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या ईसीयूचे, म्हणजे गाडीतल्या नियंत्रक संगणकाचे, सॉफ्टवेअर तयार होते आणि गेली अकरा वर्षे मी त्याच कामात आहे. चालकाने चाक वळवायला किती जोर लावला हे टॉर्क सेन्सर सांगतो, त्यावरून मोटरने किती हातभार लावायचा हे आमचा सी भाषेतला कोड दर काही मिलिसेकंदांनी ठरवतो, आणि तो हातभार भलत्या दिशेला किंवा भलत्या वेळी मिळाला तर गाडी रस्ता सोडू शकते. म्हणूनच वाहनांच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ २६२६२ या मानकानुसार या कामाचा बराचसा भाग असिल-डी या सर्वांत कडक श्रेणीत मोडतो. पुढे मी जे लिहिणार आहे ते कंस, प्रत्यय आणि कास्ट (संख्येला दुसऱ्या प्रकारात नेण्याची सूचना) अशा बारीकसारीक गोष्टींविषयी आहे, पण त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी स्टीअरिंग धरून बसलेले असते, आणि या कामाच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत मला त्याचा विसर पडला होता.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक जुना कोड नव्या गाडीसाठी घ्यायचे ठरले. तो मिस्रा सी या नियमावलीच्या २००४ च्या आवृत्तीला धरून लिहिलेला होता आणि ग्राहकाच्या करारात २०१२ ची आवृत्ती होती. मिस्रा ही ब्रिटनच्या मोटार उद्योगातून उभी राहिलेली नियमावली. १९९८ साली आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत १२७ नियम होते, आणि २०१२ ची म्हणून ओळखली जाणारी, प्रत्यक्षात मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती १४३ नियम आणि १६ निर्देश घेऊन आली. सी भाषा प्रोग्रामरला जी मोकळीक देते तिच्यातला धोक्याचा भाग टाळायला लावणे हा तिचा हेतू आहे. नव्या आवृत्तीत संख्यांच्या प्रकारांविषयीचे नियम नव्याने मांडलेले असल्यामुळे, जुन्या तपासणीत स्वच्छ ठरलेल्या आमच्या कोडवर नवी तपासणी चालवली तेव्हा नऊ हजारांहून अधिक उल्लंघने समोर आली.

हाताशी चार महिने आणि पाच माणसे होती. प्रत्येक उल्लंघन उघडायचे, समजून घ्यायचे, बदलायचे, रिव्ह्यूला पाठवायचे आणि चाचण्या पुन्हा चालवायच्या असा हिशेब मांडला, तर वर्षही पुरले नसते. मी सुचवले की ही दुरुस्ती एखाद्या टूलने आपोआप करावी. क्लँग हा कंपायलर (कोडचे यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्राम) कोडचे आधी व्याकरणवृक्षात रूपांतर करतो आणि तो वृक्ष वाचून मूळ फाइलमध्ये नेमक्या जागी बदल करण्याची सोय त्याच्या लायब्ररीत आहे, त्यामुळे नुसत्या शोधा-आणि-बदला पद्धतीपेक्षा हे कितीतरी भक्कम होणार होते. सेफ्टीचे काम पाहणाऱ्या आमच्या सरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "तुझं टूल चुकलं, तर ते आपल्याला कळणार कशावरून?" मी म्हटले, "सर, तपासणी पुन्हा चालवू ना. उल्लंघन उरलं नाही म्हणजे दुरुस्ती बरोबर." हे उत्तर किती चुकीचे होते हे समजायला मला तीन आठवडे लागले.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. इफ किंवा लूपच्या एकोळी देहाला महिरपी कंस हवेत असे नियम १५.६ सांगतो. टूलने एका दुपारी असे शेकडो कंस घातले. अनसाइन्ड, म्हणजे उणे किंमत न घेणाऱ्या, स्थिरांकांना यू प्रत्यय हवा हा नियम ७.२ आणि गणिती चिन्हांचा क्रम कंसांनी स्पष्ट करावा हा १२.१ यांचीही उल्लंघने भराभर कमी झाली. मला मात्र एका गोष्टीची आधीपासून धास्ती होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधला एक दोष जगभर गाजला होता: 'गोटू फेल' ('फेल' या खुणेपाशी उडी मार) ही ओळ एकापाठोपाठ दोनदा आली होती, दुसरी ओळ दिसायला इफच्या आत पण प्रत्यक्षात बाहेर होती, आणि त्यामुळे सर्व्हरने पाठवलेल्या स्वाक्षरीची तपासणीच वगळली जात होती. अशा जागी आपोआप कंस घालणारे टूल पहिल्या ओळीला कंसात घेईल, दुसरी बाहेर ठेवील आणि कंसांचा नियम पाळला गेल्याचे कळवील. कोडचे वागणे तसूभरही बदलणार नाही, म्हणजे चूकही जशीच्या तशी राहील आणि वर ती नीटनेटकी दिसू लागेल. म्हणून ओळीचे इंडेंटेशन (सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा) एक सांगते आणि व्याकरण दुसरे, असे जिथे दिसेल तिथे टूलने हात न लावता थांबायचे, अशी अट मी घातली होती. अशा दोन जागा निघाल्या. त्यातली एक निरुपद्रवी होती आणि दुसरीत खरोखरच एक ओळ चुकून इफच्या बाहेर राहिली होती.

या यशामुळे मी पुढच्या नियमांकडे वळताना फार सैल झाले. बेरीज, वजाबाकी किंवा तुलना करताना दोन्ही बाजूंच्या संख्या एकाच जातीच्या हव्यात, म्हणजे एक साइन्ड (उणे किंमतही घेणारी) आणि दुसरी अनसाइन्ड असे चालणार नाही, असे नियम १०.४ म्हणतो. आमच्याकडे याची उल्लंघने सर्वांत जास्त होती. मी टूलला साधी रीत शिकवली: साइन्ड बाजूला अनसाइन्ड प्रकाराचा कास्ट लावायचा. तपासणी पुन्हा चालवली, आकडा झपाट्याने खाली आला, युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याच्या चाचण्या, सगळ्या हिरव्या झाल्या, आणि रिव्ह्यू करणाऱ्यांनी एकसारखे दिसणारे शेकडो बदल पाहून मान्यता दिली. अशा एकसुरी बदलांचा रिव्ह्यू माणसाकडून नीट होत नाही हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवे होते.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री एचआयएल बेंचवर थंड सुरुवातीची चाचणी लावली होती. त्यात ईसीयू खराच असतो, पण भोवतीची गाडी आणि हवामान संगणक उभे करतो. सकाळी नोंदी पाहिल्या तेव्हा सुरुवातीपासून मोटरचा हातभार किमान पातळीवर अडकलेला होता, जणू ईसीयू प्रचंड तापला आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने हात आखडता घेतला आहे. मोटर चालू राहून नियंत्रकाचे तापमान हळूहळू वाढत गेले आणि ते शून्य अंशावर पोहोचले त्या क्षणी हातभार एकदम पूर्ववत झाला. चाक जड होणे एक वेळ चालकाला सांभाळता येते, पण वळणात असताना ते एका झटक्यात हलके झाले तर काय होईल, या विचाराने मी बराच वेळ त्या आलेखासमोर बसून राहिले.

कारण सापडायला तासभरही लागला नाही. तापमान १६ बिटांच्या साइन्ड चलात होते आणि मर्यादा, समजा ११० अंश, १६ बिटांच्या अनसाइन्ड चलात. आमचा प्रोसेसर ३२ बिटांचा असल्यामुळे सी भाषेच्या नियमाप्रमाणे तुलनेपूर्वी दोन्ही संख्या आपोआप ३२ बिटांच्या साइन्ड प्रकारात जात होत्या, आणि उणे ५ हे ११० पेक्षा लहान आहे हे उत्तर अगदी बरोबर येत होते. म्हणजे मूळ कोड नियम मोडत होता, पण चालत बरोबर होता. माझ्या टूलने तापमानाला १६ बिटांचा अनसाइन्ड कास्ट लावला, त्याबरोबर उणे ५ चे ६५५३१ झाले, आणि ६५५३१ हे ११० पेक्षा नक्कीच मोठे आहे. युनिट टेस्टमध्ये २५, १०९, ११० आणि १११ अंश होते. उणे तापमान एकही नव्हते. ज्या गावात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा पारा शून्याखाली जात नाही, तिथे बसून चाचण्या लिहिणाऱ्याला ते सुचले नाही हे समजण्यासारखे आहे, पण ती गाडी लेहमध्येही जाणार होती.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते याने की दुरुस्तीनंतर तपासणीच्या अहवालात त्या ओळीवर काहीच नव्हते. तपासणी करणाऱ्या टूलच्या दृष्टीने स्पष्टपणे लिहिलेला कास्ट म्हणजे प्रोग्रामरने दिलेली ग्वाही असते: ही संख्या मी विचारपूर्वक या प्रकारात नेत आहे. आमच्या कोडमध्ये अशा शेकडो ग्वाह्या कोणीही विचार न करता दिल्या गेल्या होत्या. नियम १०.४ ची तक्रारही रास्तच होती, कारण हाच मूळ कोड १६ बिटांच्या प्रोसेसरवर नेला असता तर तिथे तो चुकलाच असता. तुलना कोणत्या प्रकारात व्हायला हवी, हा तो नियम विचारत असलेला प्रश्न होता. योग्य उत्तर मर्यादेचा चल साइन्ड करणे हे होते, आणि ते ठरवायला त्या मर्यादेची किमान-कमाल किंमत ठाऊक असणारे माणूस लागत होते.

त्याच आठवड्यात चाकणहून आमच्या कॅलिब्रेशनच्या सहकारिणीचा फोन आला. हातभार किती मिळावा हे ठरवणारे आकडे, म्हणजे गेन वगैरे, गाडीत बसून जुळवणे हे तिचे काम. "अगं, मी गेन बदलतेय, पण चाकावर काहीच फरक पडत नाहीये. कालपर्यंत पडत होता." एकाच फाइलमध्ये वापरले जाणारे चल बाहेर दिसू देऊ नयेत असा सल्ला नियम ८.७ देतो, म्हणून टूलने अशा चलांपुढे स्टॅटिक (फक्त या फाइलपुरते) लिहिले होते. तिचा गेन त्यांपैकीच एक होता. गाडी चालू असताना बाहेरून मेमरीत किंमत बदलून पाहायची ही कॅलिब्रेशनची रीत असते, पण कंपायलरला ते कसे कळणार? स्टॅटिक झाल्यावर त्याने पाहिले की या फाइलमध्ये या चलात कोणीही काही लिहीत नाही, तेव्हा त्याने मूळ किंमत थेट सूचनांमध्ये गोठवून टाकली. ती बदलत असलेली मेमरी कोणी वाचतच नव्हते. खरे तर ते चल आधीपासूनच व्होलाटाइल, म्हणजे 'ही किंमत बाहेरून बदलू शकते' असे कंपायलरला सांगणारे, असायला हवे होते. आमच्या कोडमधली ही जुनी उणीव टूलमुळे उघडी पडली, पण ती उघडी पडायची जागा चाचणीच्या गाडीतली नव्हती.

मी सगळे बदल मागे घेतले आणि सरांकडे गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी आम्ही दोघांनी त्याचे उत्तर नीट शोधले. ते असे: टूलने केलेल्या बदलाच्या आधीचा आणि नंतरचा कोड त्याच कंपायलरने, त्याच पर्यायांसह बांधायचा, डीबगची माहिती काढून टाकायची आणि तयार झालेला ऑब्जेक्ट कोड (प्रोसेसरसाठीच्या सूचना) बाइटगणिक ताडून पाहायचा. एकही बाइट बदलला नाही तर गाडीत जाणारी गोष्ट बदललेली नाही, मग टूलने स्रोतात काहीही केलेले असो. महिरपी कंस, अर्थ स्पष्ट करणारे गोल कंस, पॉइंटरला लावलेला कॉन्स्ट ('यातून लिहायचे नाही' अशी खूण) आणि बरेचसे यू प्रत्यय या कसोटीला सहज उतरतात. एक बाइट जरी वेगळा निघाला तरी तो बदल आपोआप स्वीकारायचा नाही, माणसाकडे पाठवायचा.

प्रत्यक्षात ही तुलना पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक फाइलवर फसली. आमच्या असर्ट मॅक्रोमध्ये (गृहीत धरलेली गोष्ट खरी आहे ना हे तपासणाऱ्या तयार तुकड्यात) ओळीचा क्रमांक साठवला जात होता, आणि बंद होणारा महिरपी कंस नव्या ओळीवर गेला की खालच्या सगळ्या ओळी सरकत होत्या, त्यामुळे ते आकडे बदलत होते. तुलनेपुरत्या बिल्डमध्ये त्या मॅक्रोला क्रमांकाऐवजी एक स्थिर आकडा दिला तेव्हा कुठे खरे फरक दिसू लागले. दुसरी अडचण वेगवेगळ्या गाड्यांसाठीच्या बिल्डची होती. व्याकरणवृक्ष एका वेळी एकाच बिल्डचा बनतो आणि इफडेफने (ठरावीक बिल्डपुरताच कोड घेण्याच्या सूचनेने) वगळलेला कोड टूलला दिसतच नाही, म्हणून सगळ्या प्रकारांत बाइट जुळले तरच बदल घ्यायचा असे ठरले.

या पद्धतीचा एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. आयएसओ २६२६२ च्या आठव्या भागात सॉफ्टवेअर टूलवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवण्याची रीत आहे: टूलच्या चुकीमुळे उत्पादनात दोष शिरू शकतो का, आणि शिरला तर तो पकडला जाण्याची खात्री किती. आमचे टूल कोडच बदलत असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ होकारार्थी होते. बाइटांची तुलना मात्र चूक पकडण्याची खात्री इतकी वाढवत होती की ते टूल टीसीएल-१ या सर्वांत सौम्य श्रेणीत बसले आणि त्याचे वेगळे क्वालिफिकेशन, म्हणजे ते विश्वासार्ह असल्याचे सिद्ध करणे, करण्याची गरज उरली नाही. नऊ हजारांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश उल्लंघने या वाटेने गेली, आणि त्यांविषयी मला आजही काळजी वाटत नाही.

उरलेल्या भागात काही ठिकाणी बाइट जुळूनही दुरुस्ती घातक होती, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फंक्शनने परत दिलेली किंमत वापरलीच पाहिजे असे नियम १७.७ सांगतो. ती नको असेल तर फंक्शनला मारलेल्या हाकेपुढे व्हॉइडचा कास्ट ('ही किंमत मुद्दाम टाकून देत आहे' अशी खूण) लिहिला की नियम पाळला जातो, आणि ऑब्जेक्ट कोड अर्थातच तसाच राहतो. टूलने अशा सुमारे दोनशे जागी व्हॉइड लिहिले होते. त्यात एक हाक चाकाचा शून्य कोन कायमस्वरूपी मेमरीत लिहिण्याची होती. लेखनाच्या मागण्यांची रांग भरलेली असेल तर ते फंक्शन नकार कळवते, आणि आमचा कोड तो नकार ऐकतच नव्हता. पुढच्या वेळी गाडी सुरू झाली की जुनाच शून्य कोन वापरला गेला असता. नियमाने नेमके याच दोषाकडे बोट दाखवले होते, आणि टूलने दोष तसाच ठेवून ते बोट तेवढे बाजूला केले होते. बाइटांच्या तुलनेलाही यात वावगे काही दिसले नसते. आम्ही ती दोनशे व्हॉइड काढली आणि दोघा-दोघांनी बसून एकेक हाक वाचली. बहुतेक खरोखर निरुपद्रवी होत्या. तीन ठिकाणी दोष होता.

तेव्हापासून मी नियमांची विभागणी दुरुस्ती करायला सोपी की अवघड अशी करत नाही. लिहिण्याच्या धाटणीविषयीचा नियम टूलकडे जातो आणि प्रोग्रामरचा हेतू विचारणारा नियम माणसाकडे, मग त्याची दुरुस्ती एका शब्दाची का असेना. १०.६ आणि १०.८ हे नियम याचे चांगले उदाहरण आहेत. १६ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार ३२ बिटांच्या चलात ठेवला की १०.६ तक्रार करतो. टूलने सगळ्या गुणाकाराला बाहेरून कास्ट लावला की लगेच १०.८ तक्रार करतो, कारण १६ बिटांच्या प्रोसेसरवर ४०० गुणिले २०० हे आधीच ८०,००० ऐवजी १४,४६४ झालेले असते आणि मग ते रुंद भांड्यात ओतून काही उपयोग नसतो. कास्ट आतल्या एका संख्येला लावायला हवा. पण तिथेही गुणाकार खरोखर इतका मोठा होऊ शकतो का, हे सेन्सर ओळखणाऱ्यालाच माहीत असते.

सरांनी मला त्या सुमारास २००८ सालचा बुगर्ड आणि मूनन या संशोधकांचा अभ्यास वाचायला दिला. त्यांनी एका औद्योगिक प्रकल्पात मिस्राचे कोणते नियम मोडले गेले आणि दोष कुठे सापडले हे ताडून पाहिले होते. काही नियमांचा दोषांशी संबंध दिसला, पुष्कळांचा दिसला नाही, आणि प्रत्येक बदलात नवा दोष शिरण्याची थोडी तरी शक्यता असल्यामुळे सगळे नियम डोळे झाकून लागू केले तर दोष वाढूही शकतात असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या हातून घडलेल्याचे इतके नेमके वर्णन मी आधी वाचले नव्हते. मिस्राची स्वतःची भूमिकाही शून्याचा हट्ट धरणारी नाही. अनिवार्य नियमांना सवलत नसते, पण आवश्यक नियमांसाठी कारणासह डेव्हिएशन (नियम मोडण्याची रीतसर सूट) नोंदवता येते आणि सल्ल्यादाखल असलेले नियम विचारपूर्वक बाजूला ठेवता येतात. कॅलिब्रेशनच्या चलांसाठी आम्ही ८.७ बाबत तसेच केले आणि ग्राहकाच्या ऑडिटरने ते कारण वाचून मान्य केले.

शेवटी राहिला तो नियम १५.७. इफ आणि एल्स-इफची साखळी एल्सने संपली पाहिजे, आणि त्या एल्समध्ये काही कृती किंवा निदान एक टिप्पणी हवी. पहिल्या फेरीत टूलने अशा प्रत्येक साखळीला एल्स जोडून 'येथे काहीही करणे आवश्यक नाही' असे आपोआप लिहिले होते. हे वाक्य कोडमधले एक विधान असते, आणि पुढे वाचणारा ते कोणीतरी तपासून लिहिले आहे असे धरून चालतो. मी ते वाक्य टूलमधून काढून टाकले. आता टूल एल्स घालते, पण आत मुद्दाम एक अस्तित्वात नसलेले नाव लिहिते, त्यामुळे कोणी माणूस ती जागा वाचून भरत नाही तोवर बिल्ड होतच नाही.

अशा जागांपैकी एक टॉर्क सेन्सरच्या दोन वाहिन्यांची तुलना करणारी होती. दोघींच्या मापात फरक अगदी थोडा असेल तर सरासरी घ्यायची, फार मोठा असेल तर दोष नोंदवून हातभार सावकाश काढून घ्यायचा. फरक मधला असेल तर काय, हे कोडमध्ये नव्हते. अशा वेळी मागची सरासरी तशीच वापरली जात राहिली असती, कितीही वेळ. मूळ आवश्यकतेचा दस्तऐवज उघडला तर तिथेही ते लिहिलेले नव्हते. ग्राहकाशी त्यावर तीन आठवडे पत्रव्यवहार झाला, दोन बैठका झाल्या, आणि मधला फरक ठरावीक काळापेक्षा जास्त टिकला तर तोही दोष मानायचा असे ठरले. तो एल्स आता अकरा ओळींचा आहे आणि त्याच्यावरची टिप्पणी मी स्वतः लिहिली आहे.